डोके कुणाचे भडकते आणि कुणावर?

‘रागाच्या भरात झालं, साहेब.’ सांगवीच्या पारावर बसा, नाहीतर बारामतीच्या कोर्टाच्या आवारात उभे राहा, हे वाक्य कधी ना कधी कानावर पडतेच. बांधावरून कुऱ्हाड चालली तरी हेच, सुनेला मारले तरी हेच आणि आमच्या वस्तीवर दगड पडले तरी हेच. डोके फिरले, पोरे तापली होती, झाले ते झाले, आता मिटवून घ्या. मिटवून घ्या म्हणजे काय, हे बौद्ध वस्तीत राहणाऱ्याला वेगळे सांगायला नको. ज्याने मार खाल्ला त्यानेच फिर्याद मागे घ्यायची, याला गावगाड्यात मिटवणे म्हणतात.

अलीकडे या जुन्या सबबीला विज्ञानाचा कोट चढवला जातो आहे. मेंदूत म्हणे भावनेचे एक केंद्र असते, ते पेटले की विचार करणारा मेंदू बंद पडतो, माणूस माणसात राहत नाही. व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांत हे सांगतात, मोबाइलवरच्या दोन मिनिटांच्या चित्रफितींत हे सांगतात. आम्ही विज्ञानाच्या बाजूचे. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या अनुयायाला दुसरी बाजू असूच शकत नाही. पण विज्ञानाच्या नावाने अर्धेच वाक्य सांगितले जात असेल, तर उरलेले अर्धे शोधणे हेही आमचेच काम.

आधी पहिले अर्धे पाहू, कारण ते खोटे नाही. मेंदूच्या दोन्ही बाजूंना, कानाच्या आतल्या अंगाला खोलवर, बदामाच्या आकाराचा पेशींचा एकेक पुंजका असतो. त्याला अमिग्डाला म्हणतात. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थच बदाम. धोका ओळखायचा आणि सगळ्या शरीराला हाकारा घालायचा, हे त्याचे एक मोठे काम. नीरेकाठच्या उसाला पाणी द्यायला माणूस पुष्कळदा रात्री जातो, कारण शेतीपंपाची वीज अनेकदा रात्रीच मिळते. सरीतून चालताना पायाजवळ काहीतरी काळे, लांबट दिसते. माणूस टुणकन मागे उडी मारतो. मग बॅटरी मारतो. मग कळते की ती ठिबकची नळी आहे. उडी आधी आणि कळणे नंतर, असा क्रम आहे. न्यूयॉर्कचे शास्त्रज्ञ जोसेफ लदू यांनी उंदरांवर प्रयोग करून या क्रमाचे कोडे सोडवले आणि १९९६ साली ‘द इमोशनल ब्रेन’ हे पुस्तक लिहिले. कानाने ऐकलेले मेंदूतल्या थॅलॅमस नावाच्या चौकात येते आणि तिथून दोन वाटांनी जाते. एक हमरस्ता. तो मेंदूच्या वरच्या थरातून, म्हणजे नीट पारखून घेणाऱ्या भागातून जातो. दुसरी पायवाट. ती थेट अमिग्डालाकडे जाते. उंदरांमध्ये पायवाटेने संदेश सुमारे १२ मिलिसेकंदांत पोहोचतो, हमरस्त्याला जवळपास दुप्पट वेळ लागतो. पायवाटेने जाणारी बातमी लवकर पोहोचते, पण ती धूसर असते. साप की नळी, एवढेही तिला सांगता येत नाही. त्याआधी वर्षभर, १९९५ मध्ये, डॅनियल गोलमन या पत्रकाराने आपल्या ‘इमोशनल इंटेलिजन्स’ या पुस्तकात या प्रकाराला अपहरणाची उपमा दिली. बदामाने मेंदूचे विमान पळवले, अशी. ती उपमा जगभर गाजली.

(दोरी आणि साप हा दृष्टांत आपल्याकडे शेकडो वर्षे वापरला गेला, पण जग खोटे आहे, माया आहे, हे पटवण्यासाठी. उडी मारणाऱ्या माणसाच्या डोक्यात काय होते, हे पाहण्याची गरज त्या पंडितांना वाटली नाही. जग माया आणि वतन मात्र खरे!)

आता दुसरे अर्धे. स्वतः लदू यांनीच पुढच्या काळात बजावून सांगितले, की अमिग्डाला हे ‘भीतीचे केंद्र’ आहे असे म्हणणे बरोबर नाही. ते धोक्याची चाहूल घेते आणि शरीर सज्ज करते. मला भीती वाटते आहे, मला राग आला आहे, ही जाणीव तयार व्हायला मेंदूचा वरचा थरही लागतो. म्हणजे आतमध्ये दोन वेगळी माणसे बसलेली नाहीत, एक रानटी आणि एक शहाणा, असे नाही. आणि दुसरे म्हणजे, ती उडी निमिषभराची असते. नळी पाहून उडी मारणे वेगळे. घरी जाऊन काठी आणणे, चार जणांना फोन करणे, मोटारसायकली बाहेर काढणे आणि मग वस्तीवर चालून जाणे वेगळे. या दुसऱ्या कामात पत्ता लागतो, संख्याबळ मोजावे लागते, पोलीस किती वाजता येतील याचा अंदाज घ्यावा लागतो. हे बदामाला जमत नाही. ते कपाळामागच्या, हिशेब करणाऱ्या मेंदूचे काम आहे.

हा फरक कायद्याला फार पूर्वी कळला होता. भारतीय दंड संहितेच्या ३०० व्या कलमात ‘गंभीर आणि आकस्मिक प्रक्षोभ’ असा एक अपवाद होता, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तो आहे. माणूस भान हरपून, त्या क्षणी मारतो, तेव्हा तो खून न ठरता सदोष मनुष्यवध ठरू शकतो. मुंबईच्या नानावटी खटल्यात याच अपवादाचा आधार घेतला गेला. २७ एप्रिल १९५९ रोजी नौदलातल्या या अधिकाऱ्याने पत्नीच्या प्रियकराला गोळ्या घातल्या. ज्यूरीने आठ विरुद्ध एक अशा मताने त्याला निर्दोष ठरवले. पण सर्वोच्च न्यायालयाने २४ नोव्हेंबर १९६१ च्या निकालात विचारले ते एवढेच, की पत्नीने कबुली दिल्यानंतर हा माणूस कुटुंबाला सिनेमागृहावर सोडायला गेला, मग जहाजावर गेला, खोटे कारण सांगून पिस्तूल घेतले, मग त्या माणसाच्या कचेरीत गेला, मग घरी गेला. या सगळ्यात काही तास गेले. डोके ताब्यात यायला एवढा वेळ पुरेसा नव्हता काय? जन्मठेप कायम झाली. १९६४ मध्ये राज्यपालांनी त्याला माफी दिली, ही गोष्ट अलाहिदा. वर्तमानपत्रे त्याच्या बाजूने, प्रतिष्ठित मंडळी त्याच्या बाजूने. कुणाच्या संतापाला अब्रू म्हणायचे आणि कुणाच्या संतापाला गुंडगिरी, हे या देशात मेंदू ठरवत नाही.

आमचा मुख्य मुद्दा तोच आहे. डोके भडकते हे खरे. पण ते कुणावर भडकते? कारखान्याच्या चेअरमनने भर सभेत अपमान केला तर डोके भडकते का? तहसील कचेरीत साहेबाने तासभर दारात उभे केले तर हात उठतो का? तिथे तोच बदाम, तोच माणूस, आणि तरी ‘हो साहेब, येतो साहेब’. संध्याकाळी मात्र तोच माणूस वस्तीतल्या पोराने नवी गाडी घेतली म्हणून, मिशी ठेवली म्हणून, वरातीत घोड्यावर बसला म्हणून भान हरपतो. भान हरपायला जागा निवडावी लागते, म्हणजे ते हरपलेले नसते.

मे २०१५ मध्ये शिर्डीत आमच्या एका तरुणाचा खून झाला. मोबाइल वाजला, रिंगटोन बाबासाहेबांच्या गाण्याची होती, ती बंद कर म्हणून वाद सुरू झाला, असे फिर्यादीत आहे. रिंगटोन किती सेकंद वाजते? साप दिसला म्हणून उडी मारणाऱ्याला आपण समजून घेऊ. पण गाण्यात साप कुणी दाखवला? आणि २९ सप्टेंबर २००६ चे खैरलांजी. भोतमांगे कुटुंबातली आई, मुलगी आणि दोन मुलगे संपवले गेले. सारे गाव पाहत होते. सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आरोपींना शिक्षा दिल्या, पण अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू केला नाही. १४ जुलै २०१० रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीच्या शिक्षा बदलल्या आणि हेतूबद्दल तेच म्हटले: हा सूड होता, जातीय अत्याचार नव्हे. सूड! म्हणजे पुन्हा भावना. जणू सूडाला जात नसते. त्या गावात त्या कुटुंबाऐवजी बलदंड जातीचे एखादे कुटुंब साक्ष द्यायला उभे राहिले असते, तर सूडाची तीच भावना त्याच थराला गेली असती काय, हा प्रश्न आम्ही तेव्हा विचारला होता आणि आजही विचारतो.

मग हा साप डोक्यात शिरतो कुठून? इथे मेंदूचे शास्त्र आमच्या मदतीला येते, आणि चांगलेच येते. अमेरिकेत काळ्या माणसाचा चेहरा दाखवल्यावर गोऱ्या माणसाच्या मेंदूतला बदाम किती हलतो, यावर २००० सालापासून बरेच संशोधन झाले. २००४ मधल्या एका प्रयोगात चेहरा अवघे ३० मिलिसेकंद दाखवला तेव्हा काळ्या चेहऱ्यांना अमिग्डालाचा प्रतिसाद जास्त होता. तोच चेहरा अर्धा सेकंद दाखवला तेव्हा फरक कमी झाला आणि मेंदूचा पुढचा भाग कामाला लागलेला दिसला. म्हणजे आवरणे शक्य असते, अर्ध्या सेकंदात शक्य असते. मनुवादी म्हणेल, पण पहिली भीती तर नैसर्गिकच ना? त्याला उत्तर २०१३ च्या अभ्यासाने दिले. लहान मुलांच्या मेंदूत हा फरक सापडलाच नाही. तो किशोरवयात हळूहळू दिसू लागला. आणि ज्या मुलांचे मित्र वेगवेगळ्या वर्णांचे होते, त्यांच्यात तो कमी होता. बदाम जन्मतः येतो. कुणाला भ्यायचे, हे त्याला घर, गल्ली आणि शाळा शिकवते.

आणखी एक प्रयोग आम्हाला जास्त जवळचा वाटतो. २००६ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातल्या लासाना हॅरिस आणि सुझन फिस्क यांनी विद्यार्थ्यांना निरनिराळ्या माणसांची छायाचित्रे दाखवली. माणूस पाहिला की मेंदूचा एक भाग, समोरच्याच्या मनाचा अंदाज घेणारा, सहसा जागा होतो. बेघर आणि व्यसनाधीन माणसांची चित्रे पाहताना तो जसा जागा व्हायला हवा तसा झाला नाही. किळस वाटते तेव्हा जे भाग जागे होतात ते झाले. डोळे माणूस पाहत होते आणि मेंदू घाण पाहत होता. विटाळ म्हणजे याहून वेगळे काय? अस्पृश्यता ही केवळ रागाची गोष्ट कधीच नव्हती. ती किळशीची व्यवस्था होती. राग निवतो तरी. किळस मात्र स्वयंपाकघरात, देवघरात आणि विहिरीच्या काठावर रोज वाढून वाढून पिढ्यानपिढ्या पुढे दिली जाते. आपल्याकडे तर चेहऱ्यावर रंगही नाही. आडनाव विचारावे लागते, मग गाव, मग गावात घर कोणत्या बाजूला. तोवर समोरचा हसून बोलत असतो. उत्तर मिळाले की तोच चेहरा आक्रसतो. मुक्काम कळल्यावर येणारी ही किळस नैसर्गिक कशी म्हणावी? जात ही विटांची भिंत नसून मनाची अवस्था आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच लाहोरच्या मंडळासाठी लिहिलेल्या, पण तिथे वाचू न दिलेल्या भाषणात मांडले. मेंदूची छायाचित्रे काढणारी यंत्रे तेव्हा जन्मालाही आली नव्हती.

भावना विवेकावर कशी स्वार होते, याचे आमच्या इतिहासातले सर्वांत मोठे उदाहरण महाडचे आहे. आम्ही ते दरवर्षी २० मार्चला सांगतो, पण तळ्यावरच थांबतो. पुढचे दोन-चार तास सांगत नाही. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ मध्ये झालेला, महाडच्या नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव १९२४ मध्ये केलेला. २० मार्च १९२७ रोजी परिषद संपल्यावर लोक शिस्तीने चवदार तळ्यावर गेले, पाणी प्याले आणि मंडपात परतले. मारामारी नाही, घोषणांचा अतिरेक नाही. गावातल्या सवर्णांनी हे डोळ्यांनी पाहिले. तेव्हा कुणाचा बदाम पेटला नाही. पेटला तो सुमारे दोन तासांनी, आणि पेटवला गेला. गावात हूल उठवण्यात आली: अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार! ठरावात देऊळ नव्हते, भाषणात देऊळ नव्हते, कुणाच्या मनातही नव्हते. पण पाण्यापेक्षा देव जास्त पेट घेतो, हे हूल उठवणाऱ्याला ठाऊक होते. लाठ्याकाठ्या घेऊन जमाव मंडपात घुसला. कुणी जेवत होते, कुणी गाठोडी बांधत होते, पुष्कळजण गावाच्या वाटेला लागले होते. अन्न मातीत मिसळले. बायकामुलांनाही सोडले नाही. काही जखमींना मुसलमानांच्या घरांनी आसरा दिला.

बाबासाहेब तेव्हा बंगल्यावर उतरले होते. बातमी कळताच ते बाहेर पडले, वाटेत जमावाला सामोरे गेले आणि देवळात जाण्याचा आमचा कसलाही बेत नाही, हे त्यांनी तोंडावर सांगितले. बंगल्यावर आपली माणसे जमली होती. त्यात पहिल्या महायुद्धाच्या काळात पलटणीत राहिलेले पेन्शनर होते. ज्यांनी बंदुका चालवल्या त्यांना लाठीची काय भीती? त्यांचे हात शिवशिवत होते. आपले लोक रक्तबंबाळ होऊन पडलेले, मारणारे समोर, आणि परवानगी फक्त एका माणसाची हवी होती. ती मिळाली नाही. तुम्ही तुमच्यांना आवरा, मी माझ्यांना आवरतो, अशा अर्थाचे बाबासाहेबांचे अधिकाऱ्यांना दिलेले उत्तर चरित्रकारांनी नोंदवले आहे. आणि त्यांनी ते पाळले. जखमींना दवाखान्यात नेले, फिर्यादी नोंदवल्या. पुढे खटला चालून हल्लेखोरांपैकी काहींना शिक्षाही झाल्या. दोन आठवड्यांनी, ३ एप्रिल १९२७ रोजी, ‘बहिष्कृत भारत’ सुरू झाले.

त्या संध्याकाळी बाबासाहेबांना राग आला नव्हता असे कुणाला वाटत असेल, तर त्याने त्या पाक्षिकाचे पहिले अंक वाचावेत. रागाची आग तिथे ओळीओळीत आहे. फक्त ती लाठीत न जाता लेखणीत गेली. आम्ही हे मुद्दाम सांगतो, कारण विवेक म्हणजे थंडपणा असा एक गैरसमज आमच्याच शिकलेल्या मंडळींत पसरला आहे. नोकरी लागली, बारामतीत किंवा पुण्यात घर झाले, की वस्तीतल्या अन्यायावर राग येणे त्यांना अडाणीपणाचे वाटू लागते. त्यांनी अंतोनिओ दामासिओ या मेंदूतज्ज्ञाचे १९९४ चे पुस्तक पाहावे. त्यांच्या एका रुग्णाच्या मेंदूतली गाठ काढताना कपाळामागचा, भावना आणि विचार जोडणारा भाग गेला. बुद्धी शाबूत, स्मरण शाबूत, भाषा शाबूत. पण भावना विझली, आणि त्याबरोबर निर्णय घेण्याची ताकदही गेली. साध्या साध्या गोष्टींत तो तासन्‌तास अडकून राही. नोकरी गेली, संसार मोडला. भावना नसलेला मेंदू शहाणा होत नाही, तो लुळा पडतो.

आमच्याच तालुक्याचा दाखला द्यायचा तर सुप्याचा देऊ. १२ मे १८७५, सुप्याचा बाजार. अमेरिकेतल्या यादवी युद्धात कापसाला चढलेला भाव कोसळलेला, सरकारने सारा वाढवलेला, आणि सावकारांनी आता हात आखडता घेतलेला. कुणबी उठले आणि सावकारांच्या दुकानांवर, घरांवर चालून गेले. लूट झाली, पण त्यांना पहिल्यांदा हवी होती ती कागदपत्रे. वह्या, खती, दस्तऐवज बाहेर काढून जाळले. पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या पुष्कळ गावांत हे लोण गेले. जिथे सावकाराने मुकाट्याने कागद दिले तिथे त्याला सहसा हात लागला नाही, हे सरकारच्या चौकशी आयोगानेच पुढे नोंदवले. हा बेभान जमाव होता काय? ज्याला वाचता येत नव्हते त्याला आपल्या गळ्यातला फास कागदाचा आहे हे बरोबर कळले होते. १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जाचा वेगळा कायदा करावा लागला. राग डोळस असला तर तो कागद ओळखतो.

आंधळा असला तर काय होते, ते १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात दिसले. आठवड्याच्या बाजाराचा दिवस. मुले पळवणारी टोळी आली आहे, असे संदेश व्हॉट्सअॅपवर कित्येक दिवस फिरत होते. मंगळवेढ्याकडचे पाच जण, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत फिरत होते. जमावाने त्यांना धरले, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि ठार होईतो मारले. भटक्या समाजाची माणसे. ना गाव त्यांचे, ना पाठीशी कुणी. मारणारेही गरीब आदिवासी पट्ट्यातले. त्या महिन्यातच व्हॉट्सअॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. दोन वर्षांनी, १६ एप्रिल २०२० रोजी, पालघरच्या गडचिंचल्यात तशाच अफवेने दोन साधू आणि त्यांचा चालक मारले गेले. अफवेला भगवे कपडेही ओळखता आले नाहीत. मुलाला धोका आहे, एवढे तीन शब्द बदामाला पुरतात. बाकीची तपासणी हमरस्त्याने यायची असते, आणि जमावात तो रस्ता बंद असतो. कारण प्रत्येकाला वाटते, शेजाऱ्याने तपासले असेल.

महाडला हूल तोंडी पसरली, तिला दोन तास लागले. आज दोन मिनिटे लागत नाहीत. १९२७ ची हूल आणि २०१८ चा संदेश यांची जात एकच: आधी एखादी पवित्र किंवा लाडकी गोष्ट घ्यायची, देव, मूल, स्त्री किंवा महापुरुष, आणि ती धोक्यात आहे असे सांगायचे. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात मोबाइलवरच्या स्टेटसवरून शहर पेटले. ऑगस्ट २०२५ मध्ये आमच्या शेजारच्या दौंड तालुक्यातल्या यवतमध्ये एका पोस्टवरून जाळपोळ झाली. बारामतीपासून यवत काही लांब नाही.

आता आपल्याच घरात डोकावू. आमची नाजूक जागा कोणती, हे विरोधकांना चांगले माहीत आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पुतळ्याला चपलांचा हार घातलेला दिसला. लोक रस्त्यावर आले. राज्य राखीव पोलीस दलाने गोळ्या झाडल्या, दहा जण गेले. तो गोळीबार असमर्थनीय होता, असे चौकशी आयोगानेही म्हटले. हार घालणाऱ्याला चपला लागल्या; गोळ्या कुणाला लागल्या? ज्यांनी कुणी तो हार घातला त्यांनी आमच्या मेंदूची पायवाट हेरली होती. दोष रस्त्यावर आलेल्यांचा नाही, गोळी झाडणाऱ्यांचा आहे, हे आम्ही ठासून सांगू. पण पुढच्या वेळी त्याच पायवाटेने आम्हाला कुणी ओढून न्यावे, हे आम्हाला मान्य नाही.

सांगवीसारख्या गावात ही गोष्ट पुस्तकी राहत नाही. कुणीतरी स्टेटस ठेवतो, कुणीतरी त्याचा फोटो काढून वस्तीतल्या गटावर टाकतो, रात्री साडेदहाला पोरे जमतात. वय अठरा ते बावीस. आणि मेंदूचा आवर घालणारा पुढचा भाग पूर्ण पक्व व्हायला पंचविशीच्या आसपास जावे लागते, असे शास्त्र सांगते. या पोरांत कुणी पोलीस भरतीसाठी पहाटे धावणारा असतो, कुणी आयटीआय करून चाकण किंवा बारामतीच्या एमआयडीसीत लागण्याच्या बेतात असतो. एक दगड, एक गुन्हा, आणि चारित्र्य पडताळणीचा कागद कायमचा अडकतो. ज्याने स्टेटस ठेवले त्याचा बाप पन्नास एकर उसाचा मालक असतो, त्याला पडताळणी लागत नाही. हा हिशेब दगड उचलायच्या आधी कुणी मांडायचा? आमच्या मते ते काम बुद्धविहाराचे आहे. वंदना झाली, पांगले, असे विहार पुरे झाले. त्या रात्री साडेदहाला विहाराचे दार उघडून कुणा जाणत्या बाईने किंवा निवृत्त गुरुजींनी पोरांना आत बसवावे, स्टेटसचे छायाचित्र तारीख-वेळेसह जपून ठेवायला सांगावे, आणि सकाळी दहा जणांनी मिळून पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी, पोच घ्यावी, पोच दिली नाही तर पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवावी. अत्याचार प्रतिबंधक कायदा त्याचसाठी आहे. अशा तक्रारीला समोरचे ज्या प्रकारे घाबरतात, त्या प्रकारे ते दगडाला घाबरत नाहीत, हा वस्त्यावस्त्यांतला अनुभव आहे.

आतून धगधगत असताना ‘आत बसा’ म्हणणे सोपे नाही, हे मान्य. पण त्यालाही अभ्यास आहे. तथागतांनी मनाकडे पाहायला शिकवले: मनात राग आहे तेव्हा राग आहे असे जाणावे, त्याला धरू नये आणि नाकारूही नये. २००७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी दाखवले, की संतापलेला चेहरा पाहताना माणसाने त्या भावनेला शब्दात नाव दिले तर अमिग्डालाची खळबळ कमी होते आणि पुढचा मेंदू कामाला लागतो. आमच्या ग्रंथांत सगळे विज्ञान आधीच होते, असे सांगणाऱ्यांच्या रांगेत आम्हाला उभे राहायचे नाही. ती रांग दुसऱ्यांची आहे. त्या काळी मेंदू कुणी पाहिला नव्हता. पाहिले होते ते मन, आणि ते नीट पाहिले होते, एवढेच.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी संविधानिक नीतिमत्तेबद्दल जे सांगितले, तेही याच जातीचे आहे. ही भावना माणसात आपोआप उगवत नाही, तिची मशागत करावी लागते, आपले लोक अजून ती शिकायचे आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी भावनेला हाकलून दिले नाही. तिची लागवड करायला सांगितले. ऊस लावणाऱ्या आमच्या भागाला लागवड म्हणजे काय, हे कळायला हरकत नाही. बेणे निवडावे लागते, खांदणी करावी लागते, पाण्याची पाळी चुकवून चालत नाही, आणि पीक हाती यायला वर्ष-दीड वर्ष जाते.

महाडला तर दहा वर्षे लागली. डिसेंबर १९२७ मध्ये लोक पुन्हा जमले. सत्याग्रहासाठी तीन हजारांवर लोकांनी नावे दिली होती, तुरुंगात जायची तयारी करून आले होते. २५ तारखेला मनुस्मृतीचे दहन झाले. पण त्याआधीच सवर्णांनी दिवाणी न्यायालयातून तळ्यावर जायला तात्पुरती मनाई मिळवली होती. लोक म्हणत होते, मनाई मोडू, होऊ दे काय व्हायचे ते. कलेक्टर परिषदेत येऊन बोलून गेले. रात्र चर्चेत गेली. शेवटी बाबासाहेबांनीच सत्याग्रह तहकूब करण्याचा ठराव मांडला आणि पेटलेल्या हजारो माणसांनी तो मान्य केला. त्यांनी शिस्तीने मिरवणूक काढली, तळ्याला वळसा घातला आणि पाण्याला हात न लावता ते परतले. मग दावा चालला. खालच्या कोर्टात, वरच्या कोर्टात. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला. तळे सार्वजनिक ठरले, आणि त्या पाण्यावरचा अस्पृश्यांचा हक्क कायम झाला.